मायनसराव

सोसायटीत त्याला सगळे मायनसराव म्हणतात. मी तोंडावर नुसतं 'राव' म्हणतो, आधीचा अर्धा भाग मनात ठेवतो. पुण्यात 'राव' कुणालाही म्हणता येतं, म्हणून आजवर निभावलं.

नाव पडलं मिसळीवरून. रविवारी सकाळी सिंहगड रोडवरच्या एका हॉटेलात आम्ही चौघं बसलो होतो. तिघांचं काम दोन शब्दांत उरकलं, "मध्यम मिसळ." मग पोऱ्या याच्याकडे वळला.

"मिसळ. बटाटा मायनस, पोहे मायनस, फरसाण मायनस. कांदा प्लस, पण वेगळ्या वाटीत. कोथिंबीर मायनस, लिंबू प्लस, तर्री मायनस. पाव मायनस."

पोऱ्याने क्षणभर विचार केला आणि आत हाळी दिली, "तीन मध्यम, एक नुसती मटकी!"

घडीभराची लहर असती तर नाव टिकलं नसतं. पण हा माणूस मुळातच तसा. शिंप्याकडे शर्ट टाकला तर खिसा मायनस, कारण खिसा आला की पेन येतं आणि पेन आलं की बँकेत कुणीतरी मागतं. स्वतःच्या लग्नात बँड मायनस, आहेर मायनस, अक्षता प्लस. गाडी घेताना आतली म्युझिक सिस्टिम काढून तेवढे पैसे कमी करा म्हणून शोरूममध्ये त्याने पाऊण तास वाद घातला. विक्रेता शेवटी म्हणाला, "साहेब, चाकं तरी ठेवू ना?" रावांनी प्रामाणिकपणे विचारलं, "स्टेपनी धरून पाच आहेत का?"

या सगळ्या मायनसांचं मूळ पीठ म्हणजे त्याच्या घरातला कॉम्प्युटर.

तुम्ही-आम्ही कॉम्प्युटरवर एखादा प्रोग्रॅम घालतो तो तयार डबा असतो. कुणीतरी कुठेतरी रांधून, झाकण लावून ठेवलेला. आपण आणायचा, उघडायचा, जेवायचं. मायनसराव डबा आणत नाही, शिधा आणतो. त्याच्या लिनक्सचं नाव जेंटू. पहिली पक्की आवृत्ती २००२ सालची. पेंग्विनांची जी जात पोहण्यात सगळ्यांत चपळ, तिचं हे नाव. या चपळ पेंग्विनाला पहिल्यांदा पाण्यात उतरवायला रावांना गणपतीची अख्खी सुट्टी लागली होती, ते सोडा.

जेंटूत प्रोग्रॅमचा मूळ सोर्स कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्याच यंत्रावर कंपाइल करायचा. पोर्टेज नावाचा आचारी हे काम करतो. आचाऱ्याला काय घालायचं, काय वगळायचं ते आधी सांगावं लागतं. त्या सूचनांना म्हणतात 'यूज फ्लॅग'. हवं असेल तर नुसतं नाव लिहायचं, नको असेल तर नावाआधी आडवी रेघ. ही रेघ लिनक्सवाले 'मायनस' अशी वाचतात. सगळ्या घराला लागू होणाऱ्या सूचना मेक डॉट कॉन्फ नावाच्या फाईलमध्ये राहतात. रावांनी एकदा ती मला दाखवली. लोक लेकीच्या लग्नाचा अल्बम दाखवतात तशी.

"ग्नोम मायनस, केडीई मायनस, ब्लूटूथ मायनस, कप्स मायनस..."

"कप्स म्हणजे?"

"छपाई. प्रिंटर लावला तर लागतं."

"आणि लावलाच तर?"

"कोपऱ्यावर झेरॉक्सवाला आहे की, राव."

म्हणून मुलीच्या शाळेचा प्रोजेक्ट वहिनी पेन ड्राइव्हवर घेऊन भर पावसात कोपऱ्यावर जातात. घरात छपाईला मज्जाव आहे.

आता हे कंपाइल प्रकरण. फायरफॉक्स हवा, तर त्याचा काही भाग रस्ट भाषेत लिहिलेला, म्हणून आधी रस्टचा कंपायलर हवा. तोही स्वतः बांधायचा म्हटलं, तर त्याच्याखाली एलएलव्हीएम नावाचं धूड हवं. वाटीभर चटणीसाठी आधी पाटा-वरवंटा घडवायचा आणि त्यासाठी दगड फोडायला खाणीत उतरायचं, असा हिशेब. त्यातही मानपान असतात. एका पॅकेजात रावांनी एखादी गोष्ट मायनस केलेली असते, नेमकी तीच दुसऱ्याला हवी असते, आणि पोर्टेज हात जोडून निरोप देतो, 'पुढे जायचं असेल तर यूज फ्लॅगमध्ये हे बदल आवश्यक आहेत.' लग्नघरात मध्यस्थ मामा जसे दोन्हीकडच्या खोल्यांतून हेलपाटे घालतात, तसे राव रात्री दोनपर्यंत दोन पॅकेजांची मनधरणी करत बसतात.

तेवढा वेळ यंत्र पूर्ण ताकदीने चालतं, पंखा घोंघावतो आणि मागच्या जाळीतून गरम हवा येते. जुलैत कपडे वाळत नाहीत तेव्हा वहिनी स्वयंपाकघरातून विचारतात, "अहो, आज फायरफॉक्स आहे का?" आहे म्हटलं की मुलीचे मोजे आणि शाळेचा बेल्ट त्या जाळीपाशी जातात. लिब्रे ऑफिसच्या रात्री जीन्ससुद्धा वाळते असं त्या सांगतात. एवढ्या वर्षांत त्यांनी या विषयाबद्दल काढलेला हा एकमेव कौतुकाचा उद्गार.

अडचण एकच, गुरुवार. पुण्यात दुरुस्तीसाठी वीज जायची ती गुरुवारी, हे शेंबडं पोरही जाणतं. राव मात्र बुधवारी रात्री अख्ख्या यंत्राचं अपडेट लावून झोपतात. सकाळी दिवे जातात. यूपीएस थोडा वेळ हुंदके देतो आणि गप्प बसतो. ज्या पॅकेजचं काम अर्धं झालेलं असतं ते पुन्हा पहिल्यापासून. मी विचारलं, "मंगळवारी का नाही लावत?" ते म्हणाले, "मंगळवारी मी मागच्या गुरुवारचं पूर्ण करत असतो."

"पण एवढं करून मिळतं काय?"

"फायरफॉक्स उघडायला अर्धा सेकंद कमी लागतो." मग माझ्या चेहऱ्याकडे पाहून जरा ओशाळले. "वेगासाठी नाही करत मी, राव. माझ्या घरात काय काय आहे ते मला माहीत असावं, एवढंच. तुमच्या फोनमध्ये काय काय चालू आहे ते सांगता येईल तुम्हाला?"

मला माझ्या फोनमधल्या टॉर्चशिवाय कशाचीच खात्री देता आली नाही.

२०२३च्या डिसेंबरअखेर खुद्द जेंटूवाल्यांनीच जाहीर केलं, की यापुढे ज्यांना हवी त्यांना बरीचशी पॅकेजं तयारही मिळतील. ज्या घरात चकलीची भाजणी घरच्या जात्यावर निघायची तिथे वहिनींनी फराळ विकतचा आणला, तर आजेसासूबाईंचा चेहरा जसा होईल तसा चेहरा घेऊन राव आठवडाभर फिरत होते. कंपाइल करायला बंदी नाही, असं मी समजावलं. "बंदी असती तर बरं होतं," ते म्हणाले. "आता मी हे करतो ते हौस म्हणून. आजवर ते अटळ होतं."

माझ्या लॅपटॉपवर लिनक्स त्यांनीच घातलं. मात्र जेंटू नव्हे. मला आपादमस्तक न्याहाळून ते म्हणाले, "तुम्हाला तयारच देतो." मुलगी पाहायला आलेल्यांनी 'धाकटी आहे का?' विचारावं, तसा मला तो अपमान झोंबला. डेबियन घातलं. त्यात सिस्टमडी आहे. सिस्टमडी हा विषय रावांसमोर काढू नये. यंत्र सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंतचा सगळा कारभार एका हाती घेणारी ही व्यवस्था २०१० साली आली, आणि २०१४ साली ती मुख्य म्हणून घ्यायची की नाही यावरून डेबियनच्या घरात असे तट पडले की काही मंडळी भांडी वाटून वेगळी निघाली. त्यांनी देवुआन नावाची नवी चूल मांडली. राव त्या भांडणात नव्हते, पण सुतक पाळतात.

माझा लॅपटॉप बंद करताना कधीकधी पडद्यावर येतं, की अमुक एका सेवेला थांबवण्याचं काम चालू आहे, मुदत दीड मिनिट. त्या दीड मिनिटात राव जवळ असले की तोंडसुख घेतात. "थांबायला सांगितलं तर थांबण्यासाठी समिती नेमली, बघा."

बंद करणे हा त्यांचा खरा अभ्यासविषय. एका संध्याकाळी जिन्यात गाठून ते मला शिकवायला लागले, आणि ऐकता ऐकता मला आपली मराठीच आठवू लागली. आपल्याकडे सरळ 'बंद' म्हणायची पद्धत कुठे आहे? दुकान आपण वाढवतो. दिवा मालवतो. नारळ फोडत नाही, तोही वाढवतो. फुटलेली बांगडी वाढलेली असते. आणि निघालेला माणूस 'येतो' म्हणतो. रावांना हे सांगितलं तर ते खूश झाले. "डिट्टो लिनक्स! एकाच मरणाची दहा नावं."

मग त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. हॉल्ट म्हणजे काम थांबलं, पण वीज तशीच असू शकते. पंखा फिरतोय, दिवा जळतोय, आत कुणी नाही. पॉवरऑफ म्हणजे वीजही गेली. इनिट शून्य म्हणजे समाप्ती, इनिट सहा म्हणजे पुनर्जन्म, म्हणून घाईत आकडा चुकवू नये. शटडाऊन मायनस एच नाऊ म्हणजे आत्ताच्या आत्ता. 'नाऊ'च्या जागी अधिक दहा लिहिलं तर दहा मिनिटांनी, आणि यंत्रावर जे जे टर्मिनल उघडून बसलेत त्या सगळ्यांना आधी पुकारा. मन बदललं तर शटडाऊन मायनस सी. त्यातही रीत आहे. प्रत्येक प्रोग्रॅमला आधी 'टर्म' हा संदेश जातो, म्हणजे 'आवरा आता'. जो ऐकत नाही त्याला मग 'किल'.

"आणि मायनस के माहितीये?" इथे त्यांचे डोळे चमकले. "शटडाऊन मायनस के. सगळ्यांना पुकारा होतो, यंत्र बंद होतंय, आवरा. पण बंद होत नाही. नुसताच पुकारा."

मला हसू आवरेना, कारण पाऊण तासापूर्वी जिन्यात राव पहिलं वाक्य बोलले होते ते, "निघतोच आहे, राव, एकच मिनिट."

हाच अभ्यास त्यांनी एकदा वहिनींसमोर उघडा केला आणि पस्तावले. लिनक्सच्या गाभ्याला यंत्र बंद करायला सांगताना दोन गुप्त आकडे द्यावे लागतात, भलत्याच चुकीने बंद पडू नये म्हणून. पहिला सोळाच्या अंकपद्धतीत लिहिला तर अक्षरं इंग्रजीत 'फील डेड' अशी वाचता येतात. दुसरा त्याच पद्धतीने लिहिला की दिसतं २८१२१९६९, म्हणजे लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याची जन्मतारीख, २८ डिसेंबर १९६९. त्याऐवजी चालणारे आणखी तीन आकडे आहेत, ते त्याच्या तीन मुलींच्या जन्मतारखा. राव हे सगळं घडाघडा म्हणून गेले, मुलींच्या तारखांसकट. वहिनी पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं.

"आणि माझी?"

त्यानंतर जी शांतता पसरली तिला हॉल्ट म्हणावं की पॉवरऑफ, ते मला ठरवता आलं नाही.

या विषयात त्यांचा हात एकदा पोळलेला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका रात्री घरचं यंत्र बंद करून झोपायचं म्हणून त्यांनी कमांड दिली. खिडकी मात्र कंपनीच्या सर्व्हरची उघडी होती. घरचं यंत्र गुणगुणत राहिलं आणि शेकडो किलोमीटरवरचा सर्व्हर झोपला. दुरून झोपवता येतो, दुरून उठवता येईलच असं नाही. तिथल्या एका पहारेकऱ्याला फोनवर बटणाची जागा समजावण्यात त्यांची पहाट झाली. तेव्हापासून कंपनीच्या यंत्रांवर ते मॉली-गार्ड नावाचं पॅकेज न विसरता घालतात. दुरून बंद करायला गेलात की ते आधी त्या यंत्राचं नाव टंकायला लावतं. नावामागची गोष्ट अशी, की एका प्रोग्रॅमरच्या मॉली नावाच्या चिमुरडीने आयबीएमच्या मोठ्या यंत्राचं लाल बटण एकाच दिवसात दोनदा दाबलं. मग त्या बटणावर झाकण बसलं. राव मॉलीबद्दल बोलताना हळवे होतात. गुन्हा एकच, फरक वयाचा.

पण माणूस उपयोगाचा. दिवाळी अंकासाठी लिहिता लिहिता माझा लॅपटॉप गोठला, बाण हलेना, तेव्हा मी पॉवरचं बटण दाबून धरणार इतक्यात राव आले आणि माझं मनगट धरलं. एका हाताने ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन दाबून धरली, दुसऱ्याने सावकाश एक एक अक्षर दाबलं. एस, मग यू, मग बी. "आधी डिस्कवर सगळं लिहून घे, मग डिस्कला कुलूप लाव, मग उठून उभा राहा." यंत्र सुखरूप उठलं. सेव्ह केलेलं सगळं जागेवर होतं, न केलेला शेवटचा परिच्छेद तेवढा गेला. मी हळहळलो. रावांनी उरलेला लेख वाचला आणि म्हणाले, "तो मायनसच बरा."

संपादकांचंही तेच मत पडलं.

तर अशा या शटडाऊनशास्त्र्याच्या घरी गेल्या पावसाळ्यात मी माईंना, म्हणजे त्यांच्या आईंना, कीर्तनाचा व्हिडिओ लावून देत होतो. संपल्यावर बंद करायला मेनू उघडला, तर 'शटडाऊन' हा शब्द फिकट राखाडी. दाबला, काही होईना. मी सहज विचारलं, "राव, हे असं का?"

विचारायला नको होतं. इतकी वर्षं टर्मिनलमध्ये रूट, म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, होऊन कमांड देणाऱ्या माणसाने त्या मेनूकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. ते तीन दिवस रजेवर गेले. आधी संशय कर्नलवर गेला. एसीपीआयचा पर्याय तपासला, चोख होता. मग आपण कोणकोणत्या ग्रुपात आहोत ते पाहिलं. मग सुडोचे नियम. तिसऱ्या रात्री उलगडा झाला. बंद करायचा हक्क रूटचा. साध्या माणसाने मेनूतून बंद म्हटलं, तर हा खरोखर खुर्चीत बसलेला आहे की लांबून घुसलेला, हे बघणारा कुणीतरी लागतो आणि परवानगी देणारा कुणीतरी लागतो. बघणारा तो इलॉगिंड, परवानगी देणारा पोलकिट. मेक डॉट कॉन्फमध्ये दोघांच्याही आधी मायनस. शेजारी रावांच्याच हातची टीप होती, 'कशाला हवंय?'

घर बांधताना त्यांनी नको नको म्हणत बाहेर पडायचं दारच वगळलं होतं.

त्याहून जिव्हारी लागलं ते पुढचं. इलॉगिंड हा मुळात सिस्टमडीचाच एक तुकडा, वेगळा काढून स्वतंत्र चालेल असा केलेला. भाऊबंदकीत ताठ मानेने वेगळं निघायचं आणि पहिल्याच सणाला पुरणयंत्र मागायला थोरल्या घरी जायचं, त्यातली गत. रावांनी तीही सोसली. दोन मायनस पुसले, त्या बदलाने जे जे हललं ते सगळं पुन्हा कंपाइल केलं, इलॉगिंड बूटच्या वेळी सुरू होईल असं लावलं. दोन रात्री गेल्या, सात जोड मोजे वाळले. आणि शब्द काळा झाला.

मला बोलावणं आलं. वहिनी आल्या, मुलगी आली. माईंना खुर्चीत बसवलं. राव म्हणाले, "माई, आता हे इथे दाब. छान बंद होईल."

माईंनी चष्मा सारखा केला, पडद्याकडे पाहिलं, मग खाली वाकून पेटीच्या पुढचं गोल बटण एकदा हलकेच दाबलं. पडद्यावर अक्षरं भराभरा धावली, एक एक सेवा निरोप घेत गेली, पंखा थांबला. एकदम रीतसर.

"मी रोज असंच करते," माई म्हणाल्या. "का रे? चुकतं का?"

रावांच्या तोंडून शब्द फुटेना. कधीकाळी त्यांनी एसीपीआयडी नावाचं छोटं पॅकेज घातलं होतं. बटण दाबलं की ते ऐकतं आणि स्वतःच इनिट शून्य म्हणतं. घालून ते विसरले होते. एवढ्या मोठ्या घरात एकच गोष्ट त्यांच्या मायनसातून निसटली होती, आणि तिच्यावर माईंची इतक्या वर्षांची संध्याकाळ सुखाने चालली होती.

मी म्हटलं, "येतो मी, राव."

ते दारापर्यंत पोचवायला आले. "खरं म्हणजे राव, ते एसीपीआयडी आता मायनस करायला हवं. इलॉगिंडही बटण सांभाळतो, दोघं एकदम ऐकायला लागले तर..." मी चप्पल घातली. ते उंबऱ्याबाहेर आले. मी एक पायरी उतरलो, तेही उतरले. "एकच मिनिट, राव." दुसऱ्या मजल्यापर्यंत आम्ही दोघं पोचलो होतो. वरून माईंचा आवाज आला, "अरे, त्यांना घरी जाऊ दे. जेवायचे असतील," आणि त्यांनी जिन्यातला दिवा मालवला.

गुडूप अंधार. मी कठडा चाचपडत उतरू लागलो. वरून आवाज येतच होता.

"बघा राव, दिवा गेला, प्रोसेस चालू. याला लिनक्समध्येसुद्धा कमांड नाही."